ईशान्य कोपरा

मंगळवारी सकाळी दहा वाजता जेसीबी मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात आला. तात्या त्याच्यापुढे जमिनीवर बसले. चेअरमननी मला विचारलं, "बाई, तुमच्या पुस्तिकेत या जागेला काय लिहिलंय?" मी म्हणाले, "रिकामी जागा." तात्या उठले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला आणि ते गेटातून बाहेर गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत.

हे मैदान म्हणजे आमच्याकडचं प्रदर्शनाचं मैदान. बारामतीहून इंदापूरकडे येताना भवानीनगर मागं पडलं की काही वेळानं रस्त्याच्या कडेला निळ्या पत्र्याचं लांबलचक छत दिसतं, तेच. वर्षातून एकदा तिथं शेतीचं प्रदर्शन भरतं. उरलेल्या दिवसांत लग्नं होतात, ट्रॅक्टरवाल्यांचे मेळावे होतात, एखादी सर्कस येऊन जाते. जागा एका मंडळाची आहे आणि मंडळाला चेअरमन आहेत. तात्या मंडळाच्या कागदावर 'मैदान सुपरवायझर' होते. ते स्वतःला राखण्या म्हणत.

मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, त्याच वर्षी मंडळानं मला एक काम दिलं. मैदानाचा इतिहास आणि सुविधा सांगणारी छोटी पुस्तिका, शेवटी नकाशा. मला वाटलं, महिन्याभराचं काम. मी वही आणि पेन घेऊन गेटावर गेले तेव्हा तात्यांनी मला आत घेतलं नाही.

"चपला बुडवा," ते म्हणाले.

गेटाच्या आत, अगदी तोंडाशी, सिमेंटचा उथळ हौद होता. त्यात लालसर जांभळं औषधाचं पाणी. जनावरांचं प्रदर्शन भरायचं तेव्हा आत येणाऱ्या प्रत्येक बैलाला, गाईला त्यातून चालवत नेत. आता जनावरं फारशी येत नाहीत, ठिबकच्या नळ्या आणि फवारणीची यंत्रं येतात. हौद मात्र भरलेला होता.

"मी काय जनावर आहे का?" मी विचारलं.

"जनावर आसतं तर काळजी न्हवती. जनावर घरनं निगतं ते सरळ हितं येतं. मानूस कुठनं कुठनं फिरून येतंय."

मी चपला बुडवल्या. नंतर कळलं, ते ट्रॅक्टरलाही हौदातून घालत. चेअरमनच्या गाडीलाही. चेअरमनचा ड्रायव्हर एकदा चिडून म्हणाला होता, "तात्या, गाडीला काय खुरं आहेत?" तेव्हा तात्यांनी खाली बसून चारही टायरांकडे नीट पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "चार हायत की."

अंगानं बारीक, उंच, थोडे वाकलेले. पांढरा पायजमा, वर सदरा, डोक्याला टोपी नाही. गळ्यात सुताची दोरी, तिला ठरावीक अंतरावर गाठी. स्टॉलच्या जागा ते या दोरीनं आखत, टेपनं नाही. "टेप कंपनीचा आसतो," ते म्हणत. "कंपनीचाबी स्टॉल आसतो." दोरी ताणायची, गाठीगाठीवर खुंटी मारायची आणि खुंट्यांमधून चुन्याची पांढरी फक्की सोडत चालायचं. त्यांची रेघ मी पाहिली आहे. टेपनं मोजून पाहिलीही आहे, त्यांच्या नकळत. ती बरोबर होती.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढत. दहा पावलं जात. परत येऊन चौथ्यांदा ओढत. बंद लाउडस्पीकरजवळ कधी बोलत नसत. मी एकदा म्हटलं, "तात्या, तो बंद आहे."

"बंद हाय आसं तो म्हनतोय."

एका प्रदर्शनात एका कंपनीच्या माणसानं फवारणीचा ड्रोन उडवून दाखवला. ड्रोन माणसांच्या डोक्यावरून फिरत फिरत ईशान्य कोपऱ्याकडे गेला, तसे तात्या दोन्ही हात वर करून धावत सुटले. कोंबड्यांवर आलेली घार हाकलावी तसे.

"खाली घे त्येला! वरनं काय बघतोय त्यो?"

"आजोबा, हा फवारणीचा आहे. औषध मारतो."

"औषध मारतो तर मग डोळा कशाला हाय त्येला?"

लोक हसले. कंपनीचा माणूसही हसला. मी हसले नाही, कारण तोपर्यंत मला त्या कोपऱ्याबद्दल शंका यायला लागली होती.

कोपरा असा होता. साधारण एखाद्या मोठ्या खोलीएवढी जागा, चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण. आत गवत वाढलेलं, कधी कापलेलं नाही. दर वर्षी प्रदर्शनाच्या आधी तात्या आत फक्कीचे दोन-तीन डबे उपडे करत. आखणीसाठी नाही, नुसतीच पसरत. मैदानावर स्टॉलला जागा पुरत नाही म्हणून भांडणं व्हायची, तरी त्या कोपऱ्यात कधी कुणाला खुंटी मारू दिली नव्हती. शेजारीच त्यांची पत्र्याची खोली होती.

मी पुस्तिकेसाठी विचारलं, "तात्या, इथं काय आहे?"

त्यांनी मागंपुढं पाहिलं. आवाज खाली आणला. "जुनी पाइपलाइन हाय. कालव्याची. फुटली तर सगळं मैदान पान्यात जाईल. कुनाला बोलू नका, न्हायतर कुनीतरी चोरून पानी घ्यायला बघंल."

मला आनंद झाला. इतिहास लिहिणाऱ्याला असं काही सापडलं की होतो तसा. मी कालव्याच्या कचेरीत गेले, जुने नकाशे पाहायला मागितले. तिथल्या बाईंनी मला दोन दिवस बसू दिलं. त्या जागेच्या आसपासही कुठं पाइपलाइन नव्हती. कधी नव्हती.

मग मी इतरांना विचारू लागले. कॅन्टीन चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, तिथं नागाचं वारूळ आहे, तात्यांनी त्यांना एकटीला सांगितलंय. मंडपवाला म्हणाला, "बाई, तिथं विजेची मोठी केबल आहे. खुंटी मारली की माणूस गेला. तात्या मला म्हणालेत, बाकी कुणाला सांगू नको." वॉचमन म्हणाला, तिथं पूर्वी एका साधूची बसायची जागा होती.

प्रत्येकाला वेगळं कारण. प्रत्येकाला 'फक्त तुला' म्हणून.

मी आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी केल्या. एकाच पुस्तकाची दोन वेगळी नावं दिसली तर मी रात्रीची जेवणं विसरत असे. या माणसानं एका जागेची चार नावं करून ठेवली होती. मला एकच अर्थ लागला: तात्यांना ती जागा हवी आहे. खोली शेजारी, वई स्वतः घातलेली, आत कुणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही. उद्या म्हणतील, इतकी वर्षं ताबा माझा. मी वईची लांबी पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवली. महिन्यानं परत मोजली. दोन पावलं वाढली होती. आता कळतं, पहिल्यांदा मी पायात चप्पल घालून मोजलं होतं आणि दुसऱ्यांदा पाय दुखत होता म्हणून हळू, लहान पावलं टाकत. पण तेव्हा मला ती दोन पावलं फार मोठी वाटली.

पुस्तिकेच्या नकाशात मी त्या कोपऱ्यावर लिहिलं: 'रिकामी जागा'. मी खोटं लिहिलं असं मला वाटलं नाही. मी एका लबाड माणसाच्या हातातून मंडळाची जागा सोडवते आहे, असंच मनात होतं. छापून आल्यावर मी एक प्रत तात्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून नकाशा पाहिला, बोट कोपऱ्यावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"तोंडानं बोललेलं फिरवता येतं, बाई," ते म्हणाले. "छापलेलं कसं फिरवायचं?"

त्यानंतर त्यांनी मला चपला बुडवायला सांगणं बंद केलं. मी आत येताना ते हौदाकडे पाठ करून उभे राहत. मला ते लागलं, पण मी त्याचाही अर्थ माझ्या शंकेप्रमाणेच लावला.

दोन महिन्यांत मंडळानं ठराव केला की रिकाम्या कोपऱ्यात प्रशिक्षणाचा पक्का हॉल बांधायचा. ठरावात माझ्या पुस्तिकेचा पान क्रमांक होता.

तर तो मंगळवार. तात्या निघून गेले, आणि जेसीबीचा ऑपरेटर इंजिन बंद करून खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, मैदानावर बरीच वर्षं कामाला येणारा. तो चेअरमनना म्हणाला, "सायेब, मी बकेट घालनार न्हाय. हितं केबल हाय."

"कसली केबल? बाईंनी लिहिलंय, जागा रिकामी आहे."

"मग बाईंनी बसावं की बकेटवर."

चेअरमन लाल झाले. मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. ऑपरेटर पुढं म्हणाला, "आन् सायेब, तुमी तर मला म्हनलाव, हळूहळू खन, भांडंबिंडं लागलं तर आधी मला हाक मार. रिकाम्या जागेत भांडं कशाचं?"

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गाडीकडे चालता चालता म्हणाले, "वीज कंपनीकडनं कागद आणतो. शुक्रवारी बघू."

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. माझ्या हातात किल्ल्या होत्या.

दुपारी मी एसटीनं पणदऱ्याला गेले. तात्यांना मूल नव्हतं, बायको पूर्वीच गेलेली. ते पुतणीकडे राहायला गेले होते. अंगणात खाटेवर बसलेले. पुतणीनं चहा आणला आणि ती आत गेली.

मी किल्ल्या खाटेवर ठेवल्या आणि जेसीबीवाला केबल आहे म्हणून अडून बसल्याचं सांगितलं. "या घ्या. आणि एकदा खरं सांगा. मला पाइपलाइन सांगितलीत, मंडपवाल्याला केबल, मावशींना नाग. चेअरमनना काय सांगितलं होतंत?"

ते खाली बघत म्हणाले, "गुप्तधन."

"का?"

"परत्येकाला येगळं सांगायचं. मग कोन फुटलं ते कळतंय. नाग माझ्याकडं फिरून आला की समजायचं मावशी बोलली. केबल आली की मंडपवाला. आज कळलं, जेसीबीवाल्याला त्येनंच सांगितली." ते थांबले. "पाइपलाइन कदी फिरून आली न्हाय. तुमी बोलला न्हाय कुनाला. तुमी लिवलंत."

त्यांनी किल्ल्यांवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. मी त्यांचं बोलणं जमेल तसं लिहिते.

तेव्हा मैदानावर प्रदर्शन भरायला लागून फार वर्षं झाली नव्हती. त्या आधी तो नुसता माळ होता, कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्या तिथं सुटायच्या. त्या काळी प्रदर्शन म्हणजे बैल. नरसिंहपूरच्या बाजूचा एक शेतकरी खिलार जोडी घेऊन आला होता. निवडीच्या आदल्या दुपारी जोडीतला एक बैल उभ्या उभ्या खाली बसला आणि तासाभरात गेला.

"नाकातनं रगत आलं. काळं. गोठंना. आंग ताठंना. तितला म्हातारा डॉक्टर बघून येवढंच म्हनला, ह्याला कापू नका, सोलू नका, कातडं काढू नका. खोल पुरा आन् चुना टाका. काळपुळी आसंल."

"असेल?"

"आसंल म्हनला. तपासायला धाडायचं तर बोभाटा. शेदीडशे जनावरं मैदानात. सगळी आडकली आसती. मंडळाची मोठी मानसं बसली आन् ठरलं, बोलायचं न्हाय. शेतकऱ्याला म्हनले, इकला म्हनून सांग. न्हायतर तुज्या दुसऱ्या बैलाला गावात कोन पानी पाजनार न्हाय. मी आन् आनखी दोगांनी खड्डा खनला. ती दोगं गेली. मोठी मानसंबी गेली. डॉक्टर गेला. मीच हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गेटात औषधाचा हौद बांधायचा हट्ट धरला होता. वई घातली, चुना टाकत राहिले, आणि जो विचारेल त्याला वेगळं सांगत राहिले.

मी विचारलं, "आणि हे खरं कशावरून? मला सहावी गोष्ट सांगत नाही आहात कशावरून?"

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "तेच तर. खनून बघायचं म्हटलं तर खनायचं न्हाय. न खनता कळायचं न्हाय. आता तुमी ठरवा." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी परत माझ्याकडे सरकवला.

परतीच्या एसटीत मी स्वतःशी वाद घालत राहिले. गोष्ट खरी असेल तर माझ्या एका शब्दानं माणसं मरणाच्या जागेवर फावडं घालणार होती. खोटी असेल तर मी दुसऱ्यांदा फसले होते.

बुधवारी मी नरसिंहपूरला गेले. देवळाच्या अलीकडे वस्ती आहे, तिथं दोन-तीन घरी चौकशी केल्यावर त्या शेतकऱ्याचं घर सापडलं. तो वारलेला. त्याची बायको घरी होती. ऐंशीच्या पुढची, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. मी सांगितलं, मैदानाचा इतिहास लिहिते, जुन्या प्रदर्शनातली माणसं शोधते.

"आमचं मालक गेलं हुतं की," ती म्हणाली. "खिलार जोडी घेऊन. जाताना जोडी, येताना येकटा बैल. म्हनले, इकला. कर्नाटकातल्या मानसाला. मी म्हनलं, जोडीतला येकच कोन घेतंय?"

"मग?"

"मग काय. त्यास्नी पत्त्याचा नाद हुता. मला वाटलं, पत्त्यात घालवला. जन्मभर त्येंच्यासंगं त्या बैलावरनं भांडले मी. मरायच्या आदी म्हनले, न्हाय गं, पत्त्यात न्हाय घालवला. म्या म्हनलं, आता तरी खरं बोला." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "न्हाय बोलले."

मग तिनं आणखी एक सांगितलं, सहज, मी न विचारता. मैदानावरचा एक उंच माणूस दर वर्षी देवाला येतो तेव्हा त्यांच्याकडे येतो. चहा घेत नाही. गोठ्यात जातो, जनावरांच्या नाकपुड्या वाकून बघतो, आणि निघून जातो. "येडं हाय जरा. पन यील त्या दिवशी बरं वाटतं."

मी उठले. ओट्यावरून उतरता उतरता म्हणाले, "काकू, बैल पत्त्यात नव्हता गेला."

तिचे हात थांबले. "तुमास्नी काय म्हाईत?"

मी काय सांगणार होते? मला तरी काय माहीत होतं? मी म्हणाले, "मैदानाच्या जुन्या वहीत लिहिलंय."

अशी वही नाही. कुठल्या लिखाणाबद्दल मी आयुष्यात जाणूनबुजून खोटं बोलले ते एवढंच. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन माझ्यासाठी गूळ-पाणी घेऊन आली.

गुरुवारी मी जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना भेटले. तरुण आहेत, शांत बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या शंकेसकट. म्हटलं, हा माणूस खोटं बोलण्यात तरबेज आहे. ते म्हणाले, "काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू मातीत किती वर्षं टिकतात ते विचारू नका, तुम्हाला झोप यायची नाही. चुन्यानं फार काही होतं असं नाही, पण माणसं लांब राहतात, ते चांगलं. खरं की खोटं हे तुम्ही ठरवायची गरज नाही. शंका आहे ना? मग खणायचं नाही. याला शंका पुरते." त्यांनी त्यांच्या दप्तरी नोंद केली आणि मंडळाला पत्र दिलं.

ते पत्र घेऊन मी चेअरमनकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं.

"बैल?" ते म्हणाले.

"बैल."

"नुसता बैल?"

"साहेब, तुम्हाला गुप्तधन सांगितलं होतं. मला पाइपलाइन."

चेअरमननी पत्र टेबलावर ठेवलं. मग एकदम हसायला लागले, हसता हसता खोकले, आणि म्हणाले, "म्हातारा माझी परीक्षा घेत होता की काय, बाई? आणि मी नापास झालो." हॉल दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे बांधायचं ठरलं. कोपऱ्याला पक्कं तारेचं कुंपण घालायचं ठरलं. आणि पुस्तिकेची दुरुस्त आवृत्ती.

तात्यांना परत बोलवायला चेअरमन स्वतः गेले. ते आले नाहीत. म्हणाले, "माजं काम झालं. आता कागद राखनार हाय जागा."

नव्या नकाशाचा कच्चा छाप हाती आला त्या दिवशी मी पणदऱ्याला गेले. ते खाटेवर आडवे होते, आवाज बारीक झाला होता. उठून बसायला पुतणीनं मदत केली.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं, "ईशान्य कोपरा. येथे खणू नये. जनावरे चारू नयेत."

"कारन लिवलंय?"

"नाही."

"ब्येस." त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं, त्या लाउडस्पीकरकडे पाहायचे तसं. "बाई, खरं सांगा. तितं बैल हाय आसं वाटतं तुमास्नी?"

मला नरसिंहपूरची काकू आठवली, गोठ्यातल्या नाकपुड्या आठवल्या. आणि पाइपलाइनही आठवली. मी म्हणाले, "मला शंका आहे, तात्या."

ते समाधानानं मागं टेकले. "ऱ्हाऊ द्या. शंका गेली की मानूस खनायला लागतंय."

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता ते नक्की काय ते सांगतील. ते म्हणाले, "कुलूप तीनदा वडा. आन् येकदा परत येऊन."

नऊ दिवसांनी ते गेले. मी पोचले तोपर्यंत सगळं उरकलं होतं. पुतणीनं मला त्यांची गाठींची दोरी दिली. म्हणाली, दुसऱ्या कुणाला काय करायची हे कळायचं नाही.

मी त्यांच्यावर जितका संशय घेतला तितका माझ्या माणसांतल्या कुणावर घेतला नाही. त्यांनीही माझ्यावर घेतला. एवढं नीट लक्ष आम्ही दोघांनी दुसऱ्या कुणाकडे दिलं नसेल. मला हे त्यांच्या हयातीत कळायला हवं होतं. मी तेव्हा वई मोजत होते.

आता हे सगळं मी लिहिते आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबानं मी फुटले. बैल आता फिरून फिरून माझ्याकडे येईल आणि कुणाच्या तोंडून आला हे मला ओळखता येणार नाही. पण एकदा मी एक शब्द चुकीचा छापला होता. तो दुसऱ्या शब्दानं झाकून भागत नाही, असं मला वाटतं.

मैदानावर आज जे आहे ते असं. एक झाकलेला मंडप. एक हॉल, रस्त्याच्या बाजूला. पाण्याच्या दोन टाक्या. गेटाशी औषधाचा हौद, भरलेला. ईशान्येला तारेचं कुंपण, त्याला कुलूप. किल्ली माझ्याकडे आहे.